पाणी पूर्णेचं, भांडं कशाचं?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचं जुने शहर झोपत नाही. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं, रातोरात पायी यायचं आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा. कुणाची कावड किती भरण्यांची, यावर मंडळांची चुरस. त्या पाण्यातली एक गंमत मात्र कावडीच्या गर्दीत कुणी सांगत नाही. पाण्यातल्या हायड्रोजनच्या साधारण ६,४०० अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा, म्हणजे ड्युटेरियमचा असतो. लिटरमागे जेमतेम ३३ मिलिग्रॅम. फ्यूजनचं, म्हणजे अणुसंमीलनाचं अर्धं इंधन हेच. उरलेलं अर्धं, ट्रिटियम, लिथियमपासून बनवता येतं.

होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत भाकीत केलं होतं, की दोन दशकांत माणूस फ्यूजनची ऊर्जा ताब्यात आणील. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. वर्तमानपत्रं अजूनही पंधरा कोटी अंश तापमानाच्या बातम्या छापतात. माझ्या मते तापमान हा या गोष्टीतला दिखाऊ भाग आहे. खरी पंचाईत भांड्याची आहे.

तप्त प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, चुंबकांनी अधांतरी धरता येतो, भिंतीला चिकटू न देता. पण ड्युटेरियम आणि ट्रिटियम एक झाले की हेलियमबरोबर एक न्यूट्रॉन सुटतो. त्याच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकाला तो जुमानत नाही. १.४१ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन तो थेट भिंतीत घुसतो. लोखंडाचा अणू जागेवरून हलवायला सुमारे ४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. हा पाहुणा एका टकरीत दहा लाखांच्या आसपास देऊ शकतो. कंच्यांच्या ढिगावर नेम धरून टोला हाणावा, तसे अणू एकमेकांना उडवत सुटतात. निमिषही लागत नाही. बहुतेक अणू पुन्हा घरी परततात. काही परतत नाहीत: कुठे जागा रिकामी राहते, कुठे एक अणू दाटीवाटीने जास्तीचा बसतो.

हे मोजायचं माप म्हणजे डीपीए, दर अणूमागे किती वेळा विस्थापन. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या प्रायोगिक फ्यूजन भट्टीच्या भिंतीला आयुष्यभरात थोडेच डीपीए सोसायचे आहेत. वीज विकणाऱ्या भट्टीत हा आकडा पन्नासाच्या पुढे जाईल. म्हणजे भिंतीतला प्रत्येक अणू सरासरी पन्नास वेळा घराबाहेर काढला जाणार. ‘लोखंडाले काय होते बाप्पा’ म्हणणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं.

तांबटाला यातलं अर्धं शास्त्र ठाऊक असतं. ठोकून ठोकून तांबं कडक झालं की तो ते भट्टीत लाल करतो, मऊ पाडतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. न पेटवता ठोकत राहिला तर कडेला चीर जाते. न्यूट्रॉनही पोलादाला असंच कडक आणि ठिसूळ करतात, आणि उष्णतेने जखमा काही अंशी भरतातही. म्हणून या भट्ट्यांसाठीचं खास पोलाद साधारण ३५० ते ५५० अंशांत वापरायचं ठरलं आहे. खाली ठिसूळपणा, वर धातू ढिला पडतो. पण तांबटाच्या भट्टीत एक भानगड नसते. इथे न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूचंच रूपांतर घडवून आत हेलियम तयार करतात. तो वायू विरघळत नाही, कणांच्या सांध्यांत बुडबुडे करून बसतो आणि सांधे उसवतो. साध्या अणुभट्टीतही पोलाद फुगतं, हे १९६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डाउनरेच्या भट्टीतल्या तुकड्यांत दिसलं होतं. त्या पोलादात बारीक पोकळ्या पडल्या होत्या.

आपल्याकडचा जवळचा दाखला तारापूरचा. १९६९ पासूनच्या त्या भट्ट्यांत न्यूट्रॉनची ऊर्जा कितीतरी कमी, तरीही पात्राचं पोलाद किती ठिसूळ झालं हे तपासावं लागतं. त्यासाठी त्याच पोलादाचे नमुने आत ठेवतात, काढून खाच पाडतात आणि लोलकाच्या हातोड्याने तोडून पाहतात.

फ्यूजनसाठी कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने इतर संस्थांच्या साथीने भारतीय पोलाद घडवलं: ९ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंगस्टन, चिमूटभर टँटलम. निकेल, मॉलिब्डेनम, नायोबियम मुद्दाम टाळलेले, कारण न्यूट्रॉन लागल्यावर ते दीर्घकाळ किरणोत्सारी राहतात. भिंत बदलली तरी तिचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसायची वेळ येऊ नये, हा हिशेब.

हे पोलाद पन्नास डीपीएला टिकेल का? तपासायला तितके जोरकस न्यूट्रॉन तितक्या संख्येने देणारं यंत्रच आज जगात नाही. ते स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ उभं राहतं आहे. तोवर ‘कृत्रिम सूर्य’ची बातमी वाचाल तेव्हा अंश आणि सेकंद वाचून पान उलटू नका, भिंत कशाची होती, तेवढं शोधा.