माहेरचा संघ, सासरचा संघ

लग्न झालं की आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, चहात साखर किती घालायची तेही बदलतं. पण कबड्डीतला आपला संघ? तोही बदलायचा का हो, मैत्रिणींनो?

शिरूर आणि दौंड. एक घोडनदीकाठचं, नगर रस्त्यावरचं. दुसरं भीमेकाठचं रेल्वे जंक्शन. न्हावरा, पारगाव, चौफुला करत गेलं की झालं! त्यामुळे दोन्हीकडे सोयरिकी भरपूर. महाविद्यालयीन कबड्डीचे दिवस आले, की सासर शिरूर आणि माहेर दौंड असलेल्या घरात नुसती धमाल. दीर म्हणणार, "वहिनी, तुमच्या पोरींना परतीचं तिकीट आधीच काढायला सांगा." वहिनी कशाला ऐकून घेतेय! "आमच्याकडं रेल्वे आहे भाऊजी, तुम्ही एसटीची वाट बघत बसा."

या चिडवाचिडवीची खरी गंमत पुढे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात खेळांसाठी चार विभाग आहेत : पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि नाशिक. शिरूर, दौंड दोन्ही पुणे जिल्हा विभागात. आधी विभागातली महाविद्यालयं आपसात भिडतात. मग त्यातल्या चांगल्या खेळाडू निवडून विभागाचा एक संघ होतो आणि तो बाकीच्या विभागांशी खेळतो. म्हणजे काल जिचा घोटा धरून पकड केली, आज तिचाच हात धरून साखळी करायची! आणि काल एकमेकींवर ओरडणाऱ्या आया आज एकाच बाजूनं टाळ्या वाजवणार.

अमेरिकेतही असंच आहे बरं का. तिथे महाविद्यालयांचं फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा त्यांचा खेळ, प्रचंड लोकप्रिय. महाविद्यालयांचे गट असतात; 'साउथ ईस्टर्न', 'बिग टेन' ही त्यातली मोठी नावं. अलाबामा आणि ऑबर्न एकाच राज्यातले, एकाच 'साउथ ईस्टर्न' गटातले कट्टर प्रतिस्पर्धी. नवरा एकीकडचा, बायको दुसरीकडची असली, की दारावर निम्मा-निम्मा झेंडा! पण गटातला संघ दुसऱ्या गटाशी खेळायला उतरला, की प्रतिस्पर्ध्यांचे चाहतेही गटाच्या नावानं घोषणा देतात.

मात्र ही गोडी आपोआप टिकत नाही. १९०७ च्या बरोबरीच्या सामन्यानंतर खेळाडूंचा खर्च आणि पंच यांवरून या दोघांचं बिनसलं. पुढचा सामना झाला थेट १९४८ मध्ये! जवळजवळ दोन पिढ्यांनी तो सामना पाहिलाच नाही. आपल्याकडे मानपानावरून तुटलेली नाती आठवली ना?

म्हणून चिडवावं, पण हिणवू नये. "तुमची चढाई फसली" हे चालेल. समोरच्या मुलीचा रंग, अंग, हाफ पँट, गाव, जात यांवरून बोलणं मुळीच चालणार नाही. तीच मुलगी उद्या आपल्या विभागाकडून खेळणार असते. आणि अशा बोलण्यामुळेच "पुरे झाला खेळ" म्हणत तिला घरी बसवलं जातं. नुकसान मग दोन्ही गावांचं.

या मुली कुठवर जातात ते पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं अवघ्या एका गुणानं हरवून सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. तिथे कोण कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या राज्याची, हे कोण विचारत बसलं?

तेव्हा यंदा सामने असतील तेव्हा मैदानावर जाच. महिलांच्या सामन्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये विश्रांती. तासाभरात घरी परत. नियम येत नसले तरी बिघडत नाही, पहिल्या लोणपर्यंत सगळं कळतं. सासूबाईंनाही बरोबर न्या.

आणि ज्यांच्या घरी दुसऱ्या गावची सून आहे त्यांना एक सांगणं. नवऱ्याला लग्नानंतर संघ बदलायला कुणी सांगत नाही. मग तिचा दौंडचा संघ जिंकला आणि ती शिरूरच्या घरात टाळी वाजवून हसली, तर तिलाही खुशाल हसू द्या. पुढच्या फेरीत ती तुमच्याच बाजूनं ओरडणार आहे.