लाल दिवा लुकलुकतोय, की स्थिर आहे?

गेल्या चैत्रात आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या तासभर रेकॉर्ड केल्या. घरी येऊन पाहतो तर कार्डावर काहीच नाही! आमच्या रेकॉर्डरचं लाल बटण एकदा दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो. कानात आवाज येतो, पडद्यावर पट्ट्या हलतात, पण रेकॉर्डिंग सुरू नसतं. बटण पुन्हा दाबायचं. दिवा स्थिर झाला, सेकंद पळू लागले, की मगच आजींना ‘म्हणा’ म्हणायचं.

चार ट्रॅकच्या यंत्रात प्रत्येक ट्रॅक वेगळा चालू करावा लागतो. गळा एका माइकवर, जातं दुसऱ्यावर घेतलं, तर नंतर घरघर कमी करता येते. गळ्याचा ट्रॅक चालू करायचा राहिला, तर मात्र नुसतं जातंच ऐकत बसा.

कंडेन्सर माइक मुका असेल तर ४८ व्होल्टचा पुरवठा चालू आहे का बघा. त्याने बॅटरी लवकर संपते, जादा सेल जवळ हवेतच. रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपले तर फाइल नीट बंद होत नाही, कधीकधी उघडतच नाही. अशा कार्डावर पुढे काही रेकॉर्ड करू नका, फाइल परत मिळण्याची आशा असते. फाटलेला आवाज मात्र सुधारत नाही. पट्टी उणे १२ च्या आसपास ठेवा.

आजींकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी आनंदाने म्हटलं, पण त्या दिवशीची भावावरची ओवी काही त्यांना आठवली नाही.