धुरांड्याचा हिशेब (भाग ६) : संच बंद, संच सुरू

मागच्या भागात एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती. कोळशाच्या वीज केंद्रातले ईएसपी, म्हणजे विजेच्या उच्च दाबाने राख ओढून घेणारे यंत्र, ९९.९ टक्क्यांपर्यंत राख पकडू शकते असे आपण म्हटले. पकडते, पण ते चालू असते तेव्हा.

ही टक्केवारी जरा उलटी वाचून पाहा. हजार भाग राखेतला एक भाग निसटतो, असा तिचा अर्थ. म्हणजे पूर्ण भाराने कोळसा जळत असताना हे यंत्र फक्त एक तास बंद राहिले, तर एरवी हजार तासांत, सुमारे ४२ दिवसांत, जेवढी राख धुरांड्याबाहेर गेली असती तेवढी त्या तासाभरात जाईल. पूर्ण भारावर कोणी ईएसपी असे बंद ठेवत नाही, हे लगेच सांगायला हवे. संच पेटवताना सुरुवातीला जळते ते तेल, आणि तेलात राख नावालाच. पण तेलावरून कोळशावर जाण्याचा जो मधला टप्पा असतो, तिथे हा हिशेब अंगावर येतो.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत. अशा एखाद्या संचात बॉयलर ट्यूब लिकेज झाले, की तो बंद करून, थंड होऊ देऊन दुरुस्त करावा लागतो. पुन्हा सुरू करणे हे बटण दाबण्याइतके सोपे नसते. आधी पंखे चालवून भट्टीत साचलेला ज्वलनशील वायू बाहेर काढायचा, याला पर्जिंग म्हणतात. मग ऑइल गनने तेल पेटवायचे, हे लाइटअप. बॉयलरच्या ड्रमची पोलादी भिंत जाड असते. ती घाईने तापवली तर आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या तापमानात मोठा फरक पडतो आणि धातूवर ताण येतो, म्हणून दाब आणि तापमान सावकाश चढवतात. वाफ मनासारखी झाली की टर्बाइन फिरवायचे, ते मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आले की जनित्र ग्रिडला जोडायचे. त्यानंतर कोळसा दळणारी एकेक कोल मिल लावत भार वाढवायचा आणि ज्योत स्थिर झाली की तेल काढून घ्यायचे. दहा तासांच्या आत पुन्हा सुरू झालेल्या संचाचा तो हॉट स्टार्ट, दहा ते ७२ तासांत वॉर्म आणि त्यापुढे कोल्ड. कोल्ड स्टार्टला वेळही सर्वात जास्त लागतो आणि तेलही.

या सगळ्या वेळात भट्टी पुरेशी तापलेली नसते आणि ज्वलन अर्धवट होते. तेलाची काजळी आणि न जळलेला कार्बन ईएसपीच्या पत्र्यांवर चिकटतो, आणि आत ठिणग्या तर उडतच असतात. आग लागू नये म्हणून तेल चालू असेपर्यंत ईएसपीला वीज द्यायची नाही, किंवा थोड्याच भागांना द्यायची, ही प्रथा त्यातून आली.

हा बहाणा आहे असे वाटत असेल, तर कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सची गोष्ट ऐका. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी तिथल्या एक्सॉनमोबिलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मोठे युनिट दुरुस्तीसाठी थांबवून ठेवले होते, पण त्याच्या ईएसपीला वीज चालू होती. थांबलेल्या यंत्रणेतून ज्वलनशील बाष्प उलट्या वाटेने तिथपर्यंत पोहोचले आणि ठिणगीने स्फोट झाला. चार कामगारांना किरकोळ दुखापत झाली, आसपासच्या वस्तीवर उत्प्रेरकाची भुकटी पडली, आणि एक अवजड तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या टाक्यांपासून काही फुटांवर जाऊन आदळला. हे अतिविषारी आम्ल हवेत पसरले असते, तर पुढे काय झाले असते याचा विचार न केलेला बरा. चुकीच्या वेळी चालू असलेले प्रदूषण-नियंत्रण यंत्रही घातक ठरते, एवढे कारखानदारांचे म्हणणे मान्य करावेच लागते.

बाकीच्या यंत्रणांनाही थंडी मानवत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणाऱ्या एससीआरमध्ये वायू साधारण ३०० अंशांवर गेल्याशिवाय अमोनिया सोडत नाहीत. सोडला तर चिकट क्षार तयार होऊन उत्प्रेरक बुजतो. गंधकाम्लाच्या कारखान्यात व्हॅनेडियमचा उत्प्रेरक ४०० अंशांच्या आसपास तापला तरच सल्फर डायऑक्साइडचे रूपांतर करतो. तो पुरेसा तापण्याआधी गंधक पेटवले, तर वायू सरळ बाहेर जातो. उत्प्रेरक आधी गरम हवेने तापवून घेणे आणि शेवटी वायू धुऊन घेणारा अल्कलीचा स्क्रबर ठेवणे, हा त्यावरचा जुना, साधा उपाय आहे. टाळाटाळ होते ती खर्चामुळे.

मोजणीचीही गंमत आहे. धुरात बाहेरची हवा मिसळून आकडा खाली आणता येऊ नये, म्हणून कोळशाच्या बॉयलरचे मोजमाप ६ टक्के ऑक्सिजन धरून दुरुस्त करतात. संच पेटताना पंखे जोरात आणि आग लहान, त्यामुळे धुरातला ऑक्सिजन १८ टक्के असला तर मोजलेल्या आकड्याला पाचने गुणावे लागते. २० टक्के असला तर पंधराने. इथे अभियंते हात वर करतात आणि म्हणतात, हा आकडा निरर्थक आहे, तो धरूच नका.

अमेरिकेत बराच काळ तो खरोखरच धरला जात नव्हता. १९९४च्या नियमांत विषारी वायुप्रदूषकांच्या मर्यादांतून सुरू होण्याचा, बंद होण्याचा आणि बिघाडाचा काळ वगळला होता. एक पर्यावरणवादी संघटना आणि अमेरिकेची पर्यावरण संस्था यांच्यातल्या ‘सिएरा क्लब विरुद्ध ईपीए’ या खटल्यात १९ डिसेंबर २००८ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही सूट रद्द केली. कायद्याला सतत लागू असणारे मानक अपेक्षित आहे, मध्येच गायब होणारे नाही, हा त्यामागचा तर्क. पुढे वीज केंद्रांसाठी २०१२मध्ये नियम आले, त्यांत पेटवण्याच्या काळासाठी आकड्याऐवजी कामाची पद्धत बांधून दिली : पेटवताना स्वच्छ इंधन वापरा आणि नियंत्रण यंत्रे शक्य तितक्या लवकर जोडा. युरोपीय आयोगाने त्याच वर्षी ७ मे रोजी ठरवले, की स्टार्टअप नेमका कुठे संपतो हे प्रत्येक संयंत्राच्या परवान्यातच लिहिलेले असावे. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. पेटवण्याच्या काळाला वेगळा नियम असायला हरकत नाही, नियमच नसण्याला आहे.

आपल्याकडे ७ डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना नवी मानके घालून दिली. १ जानेवारी २०१७पासूनच्या संचांना धूलिकणांची मर्यादा घनमीटरला ३० मिलिग्रॅम. त्या तक्त्यात आकडे आहेत, पण स्टार्टअप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची व्याख्या नाही. शिवाय घनमीटरमागचे मिलिग्रॅम म्हणजे तीव्रता. एका कोल्ड स्टार्टमध्ये एकूण किती किलो राख गेली, हे त्यातून कळत नाही.

हे आता निकडीचे झाले आहे ते सूर्यामुळे. दुपारी सौर वीज भरपूर येते तेव्हा कोळशाच्या संचांना मागे हटावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांनी त्यांना ४० टक्के भारापर्यंत उतरण्याची क्षमता आणायला सांगितले. हेतू हा, की संच दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवण्याऐवजी तो मंद चालू राहावा. जे संच इतके खाली उतरू शकत नाहीत, ते रिझर्व्ह शटडाउनमध्ये जातात, म्हणजे मागणी नसल्याने बंद ठेवले जातात, आणि मागणी वाढली की पुन्हा ऑइल गन, पुन्हा लाइटअप. वर्षभर सलग चालण्यासाठी बांधलेली ही यंत्रे, त्यांची मानकेही सलग चालण्याच्या हिशेबाने केलेली. सौर वीज वाढेल तसे पेटणे-विझणेही वाढणार. सौर विजेला दोष देण्याचे हे कारण नव्हे, मोजणी सुधारण्याचे आहे.

त्यासाठी लागणारी माहिती बरीचशी तयारच आहे. कोणता संच कोणत्या दिवशी, किती वाजता, कशामुळे बंद पडला याची यादी केंद्रीय विद्युत प्राधिकरण रोज प्रसिद्ध करते. धुरांड्यावरच्या ऑनलाइन मापकांची सक्ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४मध्ये १७ प्रकारच्या उद्योगांवर केली, आणि ते आकडे मंडळांकडे जातात. संच ग्रिडला जोडल्याची वेळ आणि त्या वेळचे मापकाचे वाचन एकाच तक्त्यात छापायला नवा कायदा लागत नाही.

(पुढील भागात : फ्लेअरची ज्वाळा काळी केव्हा होते?)