फळ्यापलीकडची माणसं (गावची शाळा : भाग ६)

गेल्या आठवड्यात शिक्षकांच्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीचा हिशेब मांडला. या आठवड्यात त्याच शाळेच्या आवारात, पण वर्गाबाहेर राबणाऱ्यांकडे वळू. शिपाई, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, आश्रमशाळेतले कामाठी, स्कूलबसमधल्या मावशी. यातल्या काहींना शासन ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणतं. बाकीच्यांना कर्मचारी म्हणायलाही शासन तयार नसतं, आणि पगारातली दरी तिथूनच पडते.

उदाहरणासाठी जुन्नर तालुक्यातलं कुकडीकाठचं बोरी बुद्रुक घेऊ. भूशास्त्राच्या अभ्यासकांना हे गाव नदीकाठच्या ज्वालामुखीय राखेच्या थरामुळे ठाऊक आहे. आपल्याला पाहायची आहे ती इथून सकाळी दप्तर घेऊन निघणारी मुलं. लहान मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. मोठी मुलं गावातल्या नाहीतर शेजारच्या अनुदानित माध्यमिक विद्यालयात. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी आळेफाटा-नारायणगावच्या बाजूच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस येतात. आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डोंगराच्या कुशीत, आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळा आहेत. मुलं एकाच परिसरातली, त्यांना लागणारी देखभालही सारखीच. पण ती देखभाल करणाऱ्याला काय मिळेल, हे तो कोणत्या फाटकातून आत शिरला यावर ठरतं.

सगळ्यात सुरक्षित फाटक अनुदानित माध्यमिक शाळेचं. खासगी संस्थेने चालवलेल्या पण शासनाच्या पैशावर पगार होणाऱ्या या शाळांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. गावाकडच्या शिपायाला या कायद्याचं नाव क्वचितच माहीत असतं, पण त्याच्या घराला आधार आहे तो याचाच. कायम रिक्त पदावर रीतसर नेमलेला कर्मचारी दोन वर्षांच्या परिवीक्षेनंतर कायम होतो. संस्थाचालकांची मर्जी फिरली म्हणून त्याला घरी बसवता येत नाही. बडतर्फ केलं, पदावनत केलं किंवा पदोन्नतीत डावललं, तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. हे संरक्षण गणिताच्या शिक्षकाला जितकं, तितकंच घंटा देणाऱ्यालाही आहे.

आता पगार पाहू. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होतं, कनिष्ठ लिपिकाचं १९,९०० पासून, वरिष्ठ लिपिकाचं २५,५०० पासून. यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि दरवर्षी साधारण तीन टक्क्यांची वेतनवाढ. महागाई भत्ता ५० टक्के धरला तरी नव्या शिपायाचे मूळ वेतन आणि भत्ता मिळून २२,५०० होतात. जिरायत तुकड्याच्या भरवशावर असलेल्या घरात दर महिन्याला एवढी रक्कम खात्यावर पडणं म्हणजे काय, हे जुन्नरच्या पूर्व भागात कोणाला समजावून सांगायला नको. टोमॅटोचा भाव एका हंगामात घर बांधून देतो आणि पुढच्या हंगामात तोडणीची मजुरीही सुटू देत नाही.

पण वर चढायचं म्हटलं तर जिना अरुंद आहे. शिपाई शिकला, दहावी-बारावी झाला, टंकलेखनाची मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची परीक्षा आणि एमएस-सीआयटी काढली, तर लिपिकपदाचा रस्ता त्याला मोकळा होऊ शकतो. लिपिक वरिष्ठ लिपिक होतो, मग मुख्य लिपिक. परिचर प्रयोगशाळा सहाय्यक होऊ शकतो. मात्र ही पदं पटावर मंजूर होतात, आणि सेवाज्येष्ठता मोजली जाते ती संस्थेत. यातली मेख नोकरी धरताना सहसा कोणी सांगत नाही. रयत शिक्षण संस्थेसारख्या शेकडो शाखांच्या संस्थेत कुठल्या ना कुठल्या शाखेत वरचं पद रिकामं होतं; बदलीची तयारी असेल तर माणूस पुढे सरकतो. एकाच विद्यालयाच्या स्थानिक संस्थेत मात्र वरिष्ठ लिपिकाचं पद मुळात मंजूरच नसेल, तर कनिष्ठ म्हणून लागलेला माणूस कनिष्ठ म्हणूनच निवृत्त होतो. त्याचं काम कमी असतं म्हणून नव्हे, तर शाळेचा पट कमी असतो म्हणून. अशांसाठी ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. सरकारी कचेरीतल्या बाबूंना मिळणारे तिचे पुढचे टप्पे शाळांमधल्या शिक्षकेतरांना मिळावेत, यासाठी त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या.

लिपिकाच्या कामाबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण गावाला ते दिसत नाही. शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीवरची पगारबिलं, यू-डायस, सरल, शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीचे फॉर्म, सेवापुस्तकं, बोनाफाईड हे सगळं तोच करतो. त्याहून मोठं काम म्हणजे जनरल रजिस्टर सांभाळणं. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात या नोंदींच्या आधारावर शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि त्या दाखल्यावर पुढच्या तीन पिढ्यांची जातपडताळणी उभी राहते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं किती मोलाची आहेत हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. वाळवी आणि गळक्या छतापासून ती कोणी वाचवली? कोणत्या तरी शाळेतल्या लिपिकाने आणि शिपायाने. त्यांचा उल्लेख कुठल्या अहवालात नसतो.

ग्रंथपालाची कथा आणखी लंगडी. मोठ्या पटाच्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यम पटाला अर्धवेळ, लहान शाळेला कोणीच नाही. अर्धवेळ म्हणून लागलेल्यांनी उमेदीची वर्षं अर्ध्या पगारावर काढली. घराजवळ दुसरं वाचनालय नसलेल्या मुलाला शाळेचं कपाट हाच आधार असतो, तिथेच ही स्थिती.

हा सगळा हिशेब आधीच पदावर असलेल्यांचा झाला. नव्याने येऊ पाहणाऱ्यासाठी हे फाटक जवळजवळ बंद झालं आहे. शिक्षकेतर पदांचा आकृतिबंध, म्हणजे किती पटाला किती पदं, याचा घोळ २००५ पासून चालला. २०१३ आणि २०१९ मध्ये नवे निर्णय निघाले आणि त्या साऱ्या काळात भरती रखडली. अनेक शाळांत नवा लिपिक आला तो कुणाचा तरी बाप नोकरीत असताना गेल्यामुळे, अनुकंपा तत्त्वावर. मग ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय आला. आज पदावर असलेले चतुर्थश्रेणी कर्मचारी निवृत्त होईपर्यंत राहतील, त्यानंतर ते पद संपेल, आणि त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळेल : मुंबई-पुण्यात दरमहा १०,०००, इतर महापालिका हद्दीत ७,५००, आणि ग्रामीण भागात ५,००० रुपये.

हे आकडे बोरीसारख्या गावात उतरवून पाहा. एका शाळेत जुना शिपाई मूळ वेतन, भत्ते, भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय प्रतिपूर्ती यांसह साठाव्या वर्षी निवृत्त होतो. दुसऱ्या दिवशी तीच घंटा, तीच पाण्याची टाकी, तेच स्वच्छतागृह, तेच वेतन पथकाकडे कागद पोचवण्याचं काम, आणि मोबदला महिना ५,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला १९२ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होता. दगड फोडण्याला जी किंमत शासनाने ठरवली, ती मुलांवर लक्ष ठेवण्याला ठरवली नाही. शिवाय या भत्त्यावरच्या माणसाला वेतनवाढ नाही, सेवापुस्तक नाही, लिपिक होण्याची वाट नाही. १९७७ च्या कायद्याने त्याच्या बापाला जे दिलं, ते मुलाला मिळणार नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि तो मागे घेतला गेला पाहिजे असंच मी म्हणेन.

जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत तर सोडवायला हा प्रश्नही नाही, कारण तिथे लिपिक नाही आणि शिपाईही नाही. कुलूप उघडणं, झाडलोट, टाकी भरणं, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं गुरुजी, बाई आणि मुलंच करतात. समग्र शिक्षा योजनेतलं वार्षिक अनुदान लहान शाळेला काही हजारांत मिळतं, त्यातूनच वीजबिल, दुरुस्ती, खडू आणि स्वच्छता. कुठे ग्रामपंचायत स्वनिधीतून सफाईला एखादी बाई देते, कुठे पालक वर्गणी काढतात.

या शाळांमध्ये शिक्षकांव्यतिरिक्त रोज येणारी व्यक्ती एकच, पोषण आहार शिजवणारी ताई. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरापर्यंत दोघी, पुढे दर शंभर मुलांमागे एक अशी रीत आहे. केंद्राने २००९ मध्ये त्यांना महिना १,००० रुपये मानधन ठरवलं, तेही वर्षातल्या १० महिन्यांचं. महाराष्ट्राने स्वतःची भर घालत ते २,५०० पर्यंत नेलं. सकाळी तांदूळ निवडण्यापासून भांडी घासेपर्यंत चार-पाच तास सहज जातात. कोणतं मूल आज जेवलं नाही, कोणाच्या घरी काल चूल पेटली नव्हती, कोणती मुलगी गेले काही दिवस गप्प आहे, हे तिला वर्गशिक्षकाच्या आधी कळतं. तिच्या नोकरीला मात्र पुढचा टप्पाच नाही. तामिळनाडूत १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतल्या जेवणाची योजना वाढवली. तिथल्या संयोजक, स्वयंपाकी आणि मदतनिसांना पुढे विशेष कालबद्ध वेतनश्रेणी मिळाली, निवृत्तीनंतर थोडंफार निवृत्तिवेतनही. तिथली रक्कमही फार नाही. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला वेतनश्रेणी देता येते, हे एका राज्याने करून दाखवलं आहे, तेव्हा आपल्याकडे ते अशक्य आहे असं कोणी म्हणू नये.

इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांबद्दल थोडक्यात. तिथे पगार बोलीवर ठरतो. २०११ च्या स्कूलबस नियमांनी बसमध्ये मदतनीस सक्तीचा केला आणि मुली असतील तर महिला मदतनीस. त्यामुळे गावोगावच्या बायकांना काम मिळालं, पण ते बहुधा शाळेकडून नाही, बस चालवणाऱ्या कंत्राटदाराकडून. मे महिन्यात बस बंद, पगारही बंद.

पश्चिमेकडच्या आश्रमशाळांचा कारभार घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. मुलं तिथे रात्रंदिवस राहतात. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, सफाईगार हेच त्यांचे रात्रीचे आईबाप. कोणाला ताप आला, कोणी घरच्या आठवणीने रडलं, कोणाला विंचू चावला, तर पहिला हात यांचाच. मंजूर पदावरच्यांना शासकीय वेतनश्रेणी आहे. पण राज्यभर यातली कित्येक पदं रोजंदारीवर भरली गेली, आणि वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांना बाह्यस्रोत कंपनीची वाट दाखवली गेली. २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन केलं, ते याचसाठी.

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण कॅमेऱ्यांपाशी थांबतो. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांबद्दल कडक सूचना दिल्या. त्या योग्यच आहेत. पण पडताळणी करायची कोणाची? दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या, भत्त्यावरच्या माणसाची? जुन्नर तालुक्यात तर उसाच्या फडातून बिबट्या निघतो. अंधार लवकर पडतो तेव्हा शेवटचं मूल रस्त्याला लागेपर्यंत फाटकाशी कोणीतरी उभं असावं लागतं. ते उभं राहणं कॅमेरा करत नाही. त्यासाठी गावाला ओळखणारा, मुलांची नावं पाठ असणारा, उद्याही इथेच असणारा माणूस लागतो, आणि असा माणूस ५,००० रुपयांत टिकत नाही.

ज्यांच्या घरात कोणी अशी नोकरी धरू पाहत असेल, त्यांनी आधी शाळेला अनुदान किती टक्के आहे ते विचारावं. नंतर पद संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार ठरणाऱ्या पदांच्या यादीत, मंजूर आहे का, आणि नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळणार आहे का. ही मान्यता आणि त्यानंतरचा शालार्थ क्रमांक हातात नसेल, तर संस्थेचा नियुक्ती आदेश कितीही सुबक टंकलेला असो, सरकारी तिजोरीतून पगार निघत नाही. ‘दोन-चार वर्षं फुकट काम करा, मान्यता येईलच’ या आश्वासनावर अनेक तरुणांची तिशी ओलांडली आहे. त्यासाठी जमीन विकून पैसे मोजणारेही आहेत. पैसे देऊ नयेत. ते बेकायदा आहे, आणि मान्यता नाकारली तर परत मागायला पावतीही नसते. निवृत्तिवेतनाबद्दलही स्पष्ट विचारावं : १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुनी योजना लागू नाही. मार्च २०२३ च्या संपात शिक्षकांच्या बरोबरीने शिक्षकेतरही उतरले, त्यामागे हेच दुखणं होतं.

गावाच्या हातातही थोडं आहे. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पोषण आहाराच्या ताईंचं मानधन किती महिने थकलं आहे हे समितीच्या बैठकीत विचारता येतं, इतिवृत्तात लिहिता येतं, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवता येतं. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेच्या सफाईसाठी आणि पहाऱ्यासाठी तरतूद मागता येते. यातून पद निर्माण होणार नाही, ते शासनालाच करावं लागेल. पण थकलेलं मानधन मिळालं तर एका घरात दिवाळी होते.

पुढच्या आठवड्यात संचमान्यता : शाळेतली पदं पटावर कशी ठरतात, आणि आधार न जुळलेलं मूल वर्गात बसलेलं असूनही मोजणीतून कसं सुटतं.