टाकी फुल करायची ती सीमेच्या अलीकडे की पलीकडे?

महाराष्ट्रातून गाडीने पशुपतिनाथाला निघालेली माणसं गोरखपूर ओलांडलं की पेट्रोलच्या दरावर बोलू लागतात. सुनौलीच्या कमानीपलीकडे पंपावर १६० सारखा आकडा दिसला की छातीत धस्स होतं. ते विनाकारण आहे. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या ठरलेल्या दराने बांधलेला आहे, त्यामुळे १६० नेपाळी म्हणजे आपले सरळ १००. फक्त भारतीय नोटा देताना भाव आधी ठरवून घ्यावा. पंपावर दीडने हिशेब झाला, तर तेच पेट्रोल १०६ रुपये ६७ पैशांना पडतं आणि बचतीचा डाव तिथेच उलटतो.

‘तिकडचं पेट्रोल वेगळं, भेसळीचं’ हाही समज पक्का रुजलेला. नेपाळला इंधन पुरवते ती आपलीच इंडियन ऑइल. मोतिहारीहून अमलेखगंजला ६९ किलोमीटरची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली. नेपाळ ऑइल निगमला इंडियन ऑइलकडून दर पंधरवड्याला नवी दरसूची मिळते आणि तिच्या आधारे तिथले दर ठरतात. इंधन एकाच घरचं असूनही भाव वेगळे पडतात, कारण दोन्हीकडचे कर वेगळे.

सर्वांत महागात पडणारा समज मात्र ‘नेपाळमध्ये पेट्रोल स्वस्तच’ हा. २०२१ च्या सुरुवातीला ते खरं होतं. तेव्हा नेपाळचा दर आपल्या हिशेबाने ७० रुपयांच्या आसपास, तर बिहारमध्ये नव्वदीच्या पुढे. सीमेलगतच्या गावांतून कॅन भरून पेट्रोल चोरून आणलं जाऊ लागलं. जून २०२२ मध्ये चित्र पालटलं: नेपाळमध्ये पेट्रोल लिटरला १९९ नेपाळी रुपयांवर गेलं, म्हणजे आपले १२४ हून जास्त. त्याच्या महिनाभर आधी भारतात केंद्राने उत्पादनशुल्क घटवलं होतं. दीड वर्षात पारडं पूर्ण फिरलं. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाचा सल्ला म्हणूनच मनावर घेऊ नये, त्या आठवड्याचा दर बघावा.

शिवाय ‘भारतातला दर’ असं काही एकच नसतं. पेट्रोल जीएसटीत नाही, राज्यागणिक व्हॅट वेगळा. सुनौली उत्तर प्रदेशात, रक्सौल बिहारमध्ये, आणि बिहारचा दर अनेकदा बराच चढा असतो. रक्सौलहून पलीकडच्या वीरगंजमार्गे जाणाऱ्याला पलीकडे भरणं परवडेल, त्याच दिवशी सुनौलीवरून जाणाऱ्याला अलीकडे. मुंबईच्या दराशी तुलना करून इथे काहीच कळत नाही.

भन्साराची, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्काची रक्कम या तुलनेत धरायची का? प्रवासाला जातच आहात तर नाही. ती कुठेही पेट्रोल भरलं तरी द्यावीच लागते. केवळ पेट्रोलसाठी सीमा ओलांडणाऱ्याने मात्र ती धरलीच पाहिजे. समजा लिटरमागे पाच रुपये वाचले, तर ३५ लिटरच्या टाकीत १७५ रुपये हाती राहतात. यापलीकडे त्या बचतीत काही नाही.

घाटाचा खर्च आपण सहसा मोजत नाही. काठमांडूकडे जाणारा त्रिभुवन राजपथ तराईतून जवळपास २,५०० मीटरपर्यंत चढतो, आणि सपाटीवर मिळणारं ॲव्हरेज तिथे मिळत नाही. तेव्हा लिटरच्या भावापेक्षा किलोमीटरचा खर्च काढावा, आणि दोन-चार रुपयांसाठी अर्ध्या टाकीवर डोंगर चढू नये.