किडनीतला मोठा खडा १ सेंटीमीटरच्या छेदातून कसा काढतात? पीसीएनएल सोप्या भाषेत

उन्हाळा लागला की नांदेड-लातूरकडच्या फॅमिली ग्रुपवर कुणाचा तरी सोनोग्राफी रिपोर्ट येतो. खाली लगेच काढे, पानफुटी, बिअर असे उपाय सुरू होतात. पण रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुणी बघतच नाही. तो म्हणजे खड्याची साईझ, मिलीमीटरमध्ये. पुढचं सगळं बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

आपल्याकडे खडे का होतात?

मराठवाड्यातल्या उन्हात घाम खूप जातो. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि त्यातले क्षार एकमेकांना चिकटून खडा तयार होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. तरी लक्षात ठेवा, दिवसभरात साधारण अडीच लिटर लघवी व्हायला हवी. किती ग्लास प्यालो यापेक्षा लघवीचा रंग फिका आहे का, हे बघा.

साईझवरून काय ठरतं?

- ५ मिमीपर्यंतचा खडा: बहुतेक वेळा आपोआप पडतो.
- किडनीतला १० ते २० मिमी: बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडणे किंवा लघवीच्या मार्गातून दुर्बीण नेऊन लेझरने फोडणे. काही वेळा पीसीएनएलही.
- किडनीतला २० मिमीपेक्षा मोठा: साधारणपणे पहिली पसंती पीसीएनएल.

काही खडे तर हरणाच्या शिंगासारखे फांद्या फुटून अख्खी किडनी व्यापतात. काढ्याने ते विरघळत नाहीत. युरिक अ‍ॅसिडचे खडे औषधाने विरघळू शकतात, पण बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात आणि ते विरघळत नाहीत.

ऑपरेशन होतं कसं?

पूर्वी मोठ्या खड्यासाठी कुशीत मोठा छेद घ्यावा लागायचा. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या डॉक्टरांनी पाठीतून छोटा मार्ग करून खडा काढण्याची पद्धत मांडली. आज ती अशी चालते:

१. पेशंटला भूल देतात. लघवीच्या मार्गातून एक बारीक नळी किडनीपर्यंत नेऊन त्यातून डाय सोडतात. त्यामुळे एक्स-रेवर किडनीच्या आतल्या पोकळ्या दिसतात.

२. पेशंटला बहुतेक वेळा पालथं झोपवतात. मग पाठीतून एक सुई नेमक्या पोकळीत न्यायची असते. खरी कसोटी इथेच. स्क्रीनवरची इमेज टूडी, किडनी मात्र थ्रीडी. म्हणून सी-आर्म नावाचं एक्स-रे मशीन फिरवून वेगवेगळ्या कोनांतून बघतात आणि सुई किती खोल गेली याचा अंदाज घेतात. अनेक ठिकाणी सोबत सोनोग्राफीही वापरतात.

३. सुईतून बारीक तार आत सोडतात. त्या तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून मार्ग रुंद करतात. या नळ्यांचं माप 'फ्रेंच' असतं: ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. म्हणजे ३० फ्रेंचची नळी १ सेंटीमीटर जाड. 'मिनी' पीसीएनएलमध्ये हा मार्ग साधारण ५ ते ७ मिमीचाच असतो.

४. त्यातून कॅमेऱ्याची दुर्बीण आत जाते. खडा हवेच्या दाबाच्या ठोक्यांनी, अल्ट्रासाऊंडने किंवा लेझरने फोडून तुकडे त्याच मार्गाने बाहेर काढतात. म्हणूनच छेदापेक्षा मोठा खडाही निघतो.

धोके आहेतच. रक्तस्राव आणि इन्फेक्शन हे मुख्य. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन गोष्टी अजिबात विसरू नका

पहिली: दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नाही. अडकलेला खडा गुपचूप किडनी निकामी करू शकतो. त्यामुळे दुखणं थांबलं तरी पुन्हा तपासणी कराच. खड्यासोबत थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

दुसरी: ऑपरेशननंतर बऱ्याचदा आत 'डीजे स्टेंट' ठेवतात. ही किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मऊ नळी असते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला ती काढावीच लागते. बरं वाटतंय म्हणून लोक विसरतात, मग त्याच नळीवर नवे खडे जमतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच फोनमध्ये तारखेचा रिमाइंडर लावा. आई-बाबांचं ऑपरेशन असेल तर तो तुमच्या फोनमध्ये लावा.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियाही येतात. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत नांदेड होतं. अ‍ॅडमिट होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आपल्या ऑपरेशनबद्दल विचारा. बिल झाल्यावर विचारून फारसा उपयोग होत नाही.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर रिपोर्ट आला की काढा फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: खडा किती मिलीमीटरचा आहे?