कान आपला, डोळा यंत्राचा

पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं कोण ओरडतं? पावशा! हा पक्षी फार थोड्यांनी पाहिलाय, पण आवाज गावातली पोरंही ओळखतात. आपण आवाजाला शब्द चिकटवतो आणि तो विसरत नाही.

यंत्राची रीत मात्र वेगळी. कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेच्या ‘मर्लिन’ ॲपमध्ये 2021 साली आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली. गंमत म्हणजे ते ऐकत नाही, बघतं! आवाजाचं स्पेक्ट्रोग्राम काढतं, म्हणजे आडवा वेळ, उभी कंप्रता आणि जितका मोठा आवाज तितका गडद ठसा. मग चित्रातले आकार ताडून पाहतं. तांबटाचं एकसुरी ‘टुक टुक’ म्हणजे समान अंतरावरचे ठिपके. हे आकार ते शिकलं जाणकारांनी ‘इथे अमुक पक्षी’ अशा खुणा केलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांवरून. त्या चिकाटीचं कौतुक मला यंत्रापेक्षा जास्त वाटतं.

शिवाय त्या भागात, त्या दिवसांत कोणते पक्षी असतात याचाही ते विचार करतं. मुरलेला पक्षिनिरीक्षकही तेच करतो.

आणि भृंगराज कोतवाल? तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. त्याच्यापुढे माणूस काय नि ॲप काय, दोघेही फसू शकतात!